पाणी तपासायला बाई, पाइप निवडायला भाऊ

साकोली तालुक्यातल्या एकोडीत बचत गटाची बैठक होती. रोवणी आटोपलेली, त्यामुळे बायका जरा निवांत होत्या. हप्त्यांचा हिशेब लवकर उरकला आणि पाणी तपासणीची पेटी मध्ये ठेवली. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायकांना ही पेटी वापरायला शिकवायचं असं ठरलेलं आहे. त्या पाचांपैकी एक जण आम्हाला दाखवत होती. या कुपीतले इतके थेंब, मग हलवायचं, मग रंग पट्टीशी जुळवून बघायचा. बायका रंगून गेल्या होत्या. शाळेत प्रयोगशाळेचं तोंडही न पाहिलेल्या बायकांच्या हातात काचेची नळी आली की काय होतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको.

मागे भिंतीला टेकून बसलेल्या एका मावशीनं मध्येच विचारलं, "हे सारं पान्याचं झालं जी. पन पाइपातून पान्यात काई येत असन तं ते या डब्ब्यात दिसते का?"

तिच्या घरी नवीन नळ आला होता. जोडणीचा राखाडी प्लास्टिकचा पाइप लागायच्या आधी दोन उन्हाळे अंगणात पडून होता. हात लावला की पांढरी भुकटी बोटाला लागायची. नागपूरला दिलेल्या लेकीनं फोनवर सांगितलं होतं, आई, असल्या पाइपात शिसं राहते म्हणे. ती भुकटी शिशाचीच होती असं मी म्हणत नाही. उन्हानं प्लास्टिक झिजलं तरी भुकटी सुटते. पण प्रश्न बरोबर होता आणि त्याचं उत्तर पेटीत नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेताना मी पाण्यावर एक अख्खा प्रकल्प केला होता, समित्या, लोकसहभाग, सक्षमीकरण यांवर पानंच्या पानं लिहिली होती. पाइप कशाचा असतो हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि मीही कुणाला विचारला नव्हता.

म्हणून मी एका सरकारी कार्यालयात गेले. पाण्यातलं शिसं तपासून मिळेल का, एवढंच विचारायचं होतं. टेबलामागच्या साहेबांनी आधी माझ्याबरोबर आलेल्या दोघींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मॅडम, शिसंबिसं अमेरिकेत. तुमच्या बायकांना सांगा, टाकीत टीसीएल पडतंय का तेवढं बघा." टीसीएल आम्ही बघतोच. किती वर्षं बघतोय. ज्या गावात टाकीत पावडर पडली नाही तिथे गॅस्ट्रो झालेलं पोर मांडीवर घेऊन कोण बसतं, हे आम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. पण साहेबांच्या बोलण्यात एक विभागणी होती. बायकांनी काय बघावं आणि काय बघू नये, ती विभागणी. या लेखात माझं भांडण तिच्याशी आहे.

आधी पेटी काय बघते ते सांगते. पाणी गढूळ आहे का, आम्ल आहे की अल्कली, जड आहे का, क्षार, लोह, नायट्रेट, फ्लोराइड किती, क्लोरीन उरलंय का, आणि वेगळ्या बाटलीत जंतू आहेत का. हे सगळं महत्त्वाचं आहे. मी या पेटीची टिंगल करत नाही. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या तपासणीसाठी केंद्राने २०२१ मध्ये जी चौकट ठरवली, तिच्यातल्या मूलभूत घटकांच्या यादीत आर्सेनिक आहे, सल्फेट आहे. शिसं त्या मूलभूत यादीत नाही. म्हणजे गावाच्या पाण्याचा अहवाल "पिण्यास योग्य" म्हणून आला, तरी शिशाबद्दल तो काहीच बोललेला नसतो. रकानाच नाही, तर भरणार काय?

आणि दुसरीकडे आपलंच भारतीय मानक, क्रमांक १०५००, सांगतं की पिण्याच्या पाण्यात एका लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त शिसं चालणार नाही. काही घटकांना, दुसरं पाणीच नसेल तर थोडी जास्त मर्यादा चालवून घेतात. शिशाला तशी सूट नाही. ०.०१ मिलिग्रॅम म्हणजे किती? हजार लिटरची छतावरची काळी टाकी डोळ्यापुढे आणा. त्या अख्ख्या टाकीत १० मिलिग्रॅम शिसं, की मर्यादा संपली. भाजीत टाकतो ती मिठाची चिमूट याच्या कितीतरी पट जड असते.

आपण बायका पाणी ओळखतो. कोणत्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, कोणत्या बोरिंगचं पाणी गुंडाला लाल थर धरतं, कोणतं मचूळ आणि कोणतं गोडं, हे पिढ्यानपिढ्यांचं शास्त्र आहे आणि ते बायकांनी जमवलेलं आहे. शिशापुढे हे शास्त्र चालत नाही. त्याला वास नाही, रंग नाही, चव नाही. पाणी उकळलं तर शिसं उडून जात नाही, पाणी आटल्यामुळे उलट त्याचं प्रमाण वाढतं. फडक्यानं गाळून विरघळलेलं शिसं अडत नाही आणि टीसीएलनं ते मरत नाही, कारण तो जंतू नाही, धातू आहे. म्हणून इथे आपल्याला यंत्र लागतं, आणि यंत्र ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याशी बोलावं लागतं.

हे शिसं येतं कुठून? विहिरीतून किंवा नदीतून क्वचित. बहुतेक वेळा ते वाटेत मिळतं. नळ जोडणाऱ्याला आपण प्लंबर म्हणतो, तो शब्दच शिशाच्या लॅटिन नावावरून आला आहे. युरोप-अमेरिकेत घराघरांत शिशाचे पाइप होते. तिथले लोक चावीनं पाइप खरवडून बघतात. मऊ आणि आत चकचकीत चंदेरी निघाला, लोहचुंबक चिकटला नाही, तर शिशाचा. आपल्या गावांत असे पाइप सहसा सापडत नाहीत, म्हणून आपण निश्चिंत राहतो. पण शिसं आपल्याकडे दुसऱ्या वेषात आलं. बीडाच्या जुन्या मोठ्या पाइपांचे सांधे शिसं वितळवून, ओतून बंद करायची पद्धत होती. लोखंडी पाइपाला जस्ताचा मुलामा देतात, त्या जस्तात शिशाची भेसळ असू शकते. पितळेची तोटी घडवायला सोपी जावी म्हणून पितळेत थोडं शिसं घालतात. भंडारा पितळेच्या भांड्यांचं गाव, आपल्या जिल्ह्याला ही धातूंची भाषा नवी नाही. कल्हई करणारा कथलात शिसं मिसळतो का, यावरून आपल्या आज्या त्याच्याशी भांडत. शिशाचा कायदा त्यांना माहीत नव्हता, पण स्वयंपाकाच्या भांड्याला शिसं लागू द्यायचं नाही एवढं माहीत होतं.

आणि मग पीव्हीसी. हे प्लास्टिक तापवून पाइप ओढताना ते जळू नये, टिकावं म्हणून त्यात काहीतरी घालावं लागतं. स्वस्तातला उपाय म्हणजे शिशाचे क्षार. आपल्याकडे वर्षानुवर्षं तेच घातले गेले. पाइप नवा असताना आणि पाणी त्यात बराच वेळ थांबलेलं असताना हे शिसं पाण्यात उतरू शकतं. उन्हात पडलेल्या पाइपाचा पृष्ठभाग खराब होतो, मग आणखी. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये केंद्र सरकारला पीव्हीसी पाइपांतलं शिसं हटवण्याबाबत निर्देश दिले, आणि २०२१ मध्ये केंद्राने त्यासाठी नियम केले. शिशाऐवजी कॅल्शियम-जस्ताचे क्षार वापरून पाइप करता येतात, कंपन्या करतातही. म्हणजे हा काही न सुटणारा प्रश्न नाही. पण नियम झाला म्हणून जमिनीत आणि भिंतीत गाडलेला जुना पाइप आपोआप बदलत नाही. आणि आठवडी बाजारात, हार्डवेअरच्या दुकानाबाहेर उन्हात उभा केलेला, अंगावर एक अक्षर नसलेला स्वस्त पाइप, तो कोण तपासतं?

पेटीचं प्रशिक्षण बाईला दिलं. पाण्याचा नमुना काढायला बाई. पण गावच्या योजनेचा आराखडा होतो तेव्हा पाइप कोणता, किती जाडीचा, कोणत्या कंपनीचा, हे अभियंता आणि ठेकेदार ठरवतात. घरातली जोडणी करताना नवरा किंवा दीर दुकानात जातो आणि "त्यातल्या त्यात बसेल तो" घेऊन येतो. पाणी समितीत निम्म्या बायका असाव्यात असं मार्गदर्शक सूचनेत लिहिलेलं आहे. त्या निम्म्या बायकांपैकी किती जणींनी आपल्या गावात उतरलेला पाइप हातात घेऊन त्यावरची अक्षरं वाचली आहेत? हा प्रश्न मी त्या बायकांना टोमणा म्हणून विचारत नाही. ट्रक उतरतो तेव्हा त्यांना बोलावणं येत नाही, सही घ्यायची असेल तेव्हा येतं.

बाईच्या वाट्याला शेवटचं टोक येतं. पाणी दूषित निघालं की "घरी स्वच्छता ठेवत नाही", "गुंड झाकत नाही", "पोराला उकळून देत नाही". पाइपाच्या पहिल्या टोकाशी झालेल्या निर्णयाचा जाब शेवटच्या टोकाला उभ्या असलेल्या बाईला विचारायचा, ही जुनी रीत आहे. शिशाच्या बाबतीत तर ती फारच क्रूर ठरते. शिसं काय करतं ते बघा.

शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठवतं. तिथे ते वर्षानुवर्षं, दशकानुदशकं बसून राहतं. बाई गरोदर राहिली, अंगावर पाजायला लागली, की शरीर तिच्या हाडांतून कॅल्शियम ओढतं आणि त्याबरोबर शिसंही निघतं. नाळेतून ते गर्भापर्यंत जातं. म्हणजे मुलगी असताना तिच्या पोटात गेलेलं शिसं ती आई झाल्यावर लेकराला मिळू शकतं. ज्याच्या अंगात लोह आणि कॅल्शियम कमी, त्याचं शरीर शिसं जास्त शोषतं. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनं सांगितलेलं आहे. सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलंसुरलं खाणारी बाई, दूध विकून चहा कोरा पिणारी बाई, ती शिशासाठी दार उघडं ठेवून बसलेली असते. लहान मूल मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शिसं शोषतं आणि त्याचा घाव मेंदूवर होतो. अभ्यासात लक्ष लागत नाही, चिडचिड होते, पोर मागे पडतं. ताप येत नाही, पुरळ येत नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, शिशाचं सुरक्षित असं प्रमाणच नाही. पोर "ढ" ठरतं आणि आई "पोराकडे लक्ष न देणारी" ठरते. अशा किती आया समुपदेशनाला माझ्यासमोर बसल्या असतील आणि मी त्यांना पालकत्वाचे धडे दिले असतील, हे आठवलं की मला शरम वाटते.

शिसं बायकांच्या गर्भाला काय करतं हे शासनाला, उद्योगाला, डॉक्टरांना ठाऊक नव्हतं असं कुणी सांगू नये. इंग्लंडमध्ये १८९० च्या दशकात शेफिल्ड शहराच्या पाण्यातून लोकांना शिशाची बाधा झाली. तिथल्या बायकांच्या लक्षात आलं की ज्या गरोदर बायकांना बाधा झाली त्यांचे गर्भ पडले. गरिबीनं गांजलेल्या, आणखी मूल नको असलेल्या बायकांनी मग शिशाच्या मलमाच्या गोळ्या करून गिळायला सुरुवात केली. १९०५ च्या सुमाराला डॉक्टरांनी याबद्दल वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. शहराच्या पाण्यानं काय केलं ते बायकांना आधी कळलं होतं, आणि त्यांच्या हाती त्या ज्ञानाचा उपयोग एवढाच उरला होता. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्याच देशात १८९८ मध्ये पांढऱ्या शिशाच्या कारखान्यांतल्या धोक्याच्या कामांवर बायकांना बंदी घातली गेली. शिसं राहिलं, बाई बाहेर काढली. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ८७ व्या कलमानं धोक्याच्या प्रक्रियांमध्ये बायकांना कामावर ठेवायला मनाई करण्याचा अधिकार शासनाला दिला होता आणि शिशाची कामं अशा प्रक्रियांमध्ये धरली जात. तेव्हा गर्भाची काळजी पुढे करून बाईचा रोजगार गेला. ठीक आहे, तुम्हाला गर्भाची एवढी काळजी आहे ना? मग तीच बाई घरी येऊन नळाखाली गुंड लावते, ते पाणी स्वतः पिते, त्यात वरण शिजवते, पोराला पाजते, तेव्हा ती काळजी कुठे जाते? कारखान्यात बाईला बाहेर काढणं स्वस्त होतं. घरात पाइप बाहेर काढावा लागेल, ते महाग आहे.

आता साहेबांच्या अमेरिकेकडे येऊ, कारण तिथलं उदाहरण त्यांच्या बाजूनं नाही, आपल्या बाजूनं बोलतं. मिशिगन राज्यातलं फ्लिंट हे लाखभर वस्तीचं गरीब शहर, बहुसंख्य काळे लोक. एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवण्यासाठी शहराचं पाणी बदलून फ्लिंट नदीचं केलं आणि पाइप झिजू नये म्हणून पाण्यात घालायचं द्रव्य घातलंच नाही. शिशाचे जुने पाइप झिजून पाण्यात उतरू लागले. लीअ‍ॅन वॉल्टर्स या चार मुलांच्या आईनं तक्रार केली. पोरांच्या अंगावर चट्टे, केस गळतायत. अधिकाऱ्यांनी सांगितलं, दोष तुमच्या घरातल्या पाइपात आहे. तिच्या घरातले पाइप प्लास्टिकचे होते! फेब्रुवारी २०१५ मध्ये तिच्या नळाच्या पाण्यात एका लिटरला ०.१०४ मिलिग्रॅम शिसं निघालं, म्हणजे आपल्या मर्यादेच्या दहा पट. नंतर त्याहून जास्त. नमुना घेण्यापूर्वी नळ थोडा वेळ सोडून ठेवा, अशी सूचना तिथे लोकांना दिली जात होती. थांबलेलं पाणी वाहून गेलं की आकडा खाली येतो, अहवाल छान दिसतो. शेवटी वॉल्टर्स आणि तिच्यासारख्यांनी व्हर्जिनिया टेक विद्यापीठातल्या मार्क एडवर्ड्स या प्राध्यापकाच्या मदतीनं घरोघरी बाटल्या वाटल्या आणि शेकडो नमुने गोळा केले. सप्टेंबर २०१५ मध्ये मोना हॅना-अटीशा या बालरोगतज्ज्ञ बाईंनी पोरांच्या रक्तातलं शिसं वाढल्याचे आकडे जाहीर केले. त्यांनाही आधी खोटं ठरवायचा प्रयत्न झाला. ऑक्टोबरमध्ये शहराचं पाणी परत बदललं.

प्रयोगशाळा आणि कर्मचारी असलेल्या श्रीमंत देशातही बाटली बाईलाच भरावी लागली. पण तिनं बाटली आपल्या पद्धतीनं भरली आणि अहवाल आपल्या हातात ठेवला, म्हणून काही झालं.

चळवळीतल्या एका जुन्या मैत्रिणीला मी हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, दारू आहे, मारहाण आहे, मजुरी आहे. त्यात तू हे शिसं कुठून काढलंस? हे मध्यमवर्गीय भय आहे." तिचा राग मला समजतो. प्रश्नांच्या रांगेत नवीन प्रश्न घुसला की जुन्यांना धक्का बसतो. आणि तिचं अर्धं म्हणणं खरंही आहे. आपल्याकडे शिशाच्या वाटा अनेक आहेत. जुन्या बॅटऱ्या वितळवणारे, घरांचे रंग, मसाल्यातली भेसळ, मारुतीला फासतात तो शेंदूर. २०२० मध्ये युनिसेफनं शिशावर जो अहवाल काढला, त्यात जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात काळजी करावी इतकं शिसं असल्याचा अंदाज होता आणि अशी सर्वांत जास्त मुलं भारतात आहेत. ती सगळी पाण्यामुळे नाहीत. तरी मी पाण्यापासून सुरुवात करा म्हणते, कारण पाइप सार्वजनिक पैशातून येतो, त्याची निविदा असते, बिल असतं, मोजमाप वही असते. त्यावर समिती आहे आणि समितीत निम्म्या जागा आपल्या आहेत. मसाल्याच्या व्यापाऱ्याला ग्रामसभेत उभं करता येत नाही, पाइपाच्या बिलाला करता येतं. आणि मध्यमवर्गाचं म्हणाल तर त्यानं आपली सोय केव्हाच केली आहे. त्याच्या ओट्याशेजारी आरओ आहे.

त्या आरओबद्दलही बोललं पाहिजे. आरओनं शिसं निघतं, हे खरं. म्हणून लगेच सल्ला येतो, घ्या एक यंत्र, नाहीतर वीस लिटरचा कॅन लावा. शासनानं नळ दिला, त्या नळाचं पाणी पिण्याजोगं करायचा खर्च बाईनं तिच्या बचत गटातून कर्ज काढून करायचा, हा कुठला न्याय? वर त्या यंत्रातून वाया जाणारं पाणी आणि विजेचं बिल. कर्जाचा हप्ता चुकला की पुन्हा तिलाच बोलणी.

तर तपासायचं कसं? यात फार मोठं तंत्र नाही, पण एक गोष्ट चुकली की सगळं फुकट जातं. शिसं थांबलेल्या पाण्यात उतरतं. म्हणून नमुना पहिल्या धारेचा हवा. रात्रभर नळ वापरायचा नाही, निदान सहा-आठ तास, आणि सकाळी पहिलं लिटरभर पाणी, एक थेंब वाया न घालवता, बाटलीत धरायचं. शहरांतल्या पुस्तकांत हे सोपं असतं, कारण तिथे नळाला सतत पाणी असतं. आपल्याकडे नळ तासभर येतो, कधी एक दिवसाआड. आपल्याला पाणी सुटायच्या आधी नळाशी बाटली घेऊन बसावं लागेल आणि पाइपात अडकलेलं जे पाणी आधी बाहेर येईल ते धरावं लागेल. टिल्लू पंप लावायचा नाही. बाटली प्रयोगशाळेतूनच आणायची, कारण धातूंच्या तपासणीसाठी नमुन्यात आम्ल घालावं लागतं आणि ते काम त्यांचं आहे.

एका नळाच्या तीन बाटल्या भराव्यात, असं माझं मत आहे. एक पहिल्या धारेची, एक पाणी पाच-दहा मिनिटं वाहून गेल्यावरची, एक थेट गावच्या टाकीजवळची. पहिल्या बाटलीतच शिसं निघालं तर दोष घरातल्या पाइपात किंवा तोटीत. पहिल्या दोन्हींत निघालं आणि टाकीपाशी नाही, तर गावच्या वाहिनीत. तिन्हींत निघालं तर त्याच्याही मागे. मग "दोष तुमच्या घरातला" असं कुणी म्हणालं तर त्याच्यापुढे तीन कागद ठेवता येतात. अर्जात "शिसे" हा शब्द स्पष्ट लिहावा लागतो. नुसतं "पाणी तपासून द्या" म्हटलं की नेहमीची यादी तपासून मिळते. आणि तालुक्याच्या प्रयोगशाळेत ते यंत्र नसेल तर नमुना पुढच्या प्रयोगशाळेत पाठवणं ही यंत्रणेची जबाबदारी आहे, बाईनं एसटीनं बाटली घेऊन नागपूरला जायचं नाही.

पाइप बघायचा तर अंगावरची छापील ओळ वाचायची. पीव्हीसीवर आयएसआयची खूण आणि ४९८५ हा मानक क्रमांक, कंपनीचं नाव, तयार केल्याची तारीख. शिसेविरहित असल्याचं लिहिलेलं आहे का? २०२१ च्या आधीचा माल गोदामातून काढून दिलाय का? काळा एचडीपीई पाइप असेल तर त्याला शिशाच्या क्षारांची गरज नसते. पण तोटी आणि सांधे तरीही बघावे लागतात. ओळच नसेल तर तो पाइप पिण्याच्या पाण्याला लावू द्यायचा नाही.

तोवर घरी काय करायचं, असं बायका विचारतात. नळ आला की पहिली बादली सडा, फरशी, कपडे यांना, आणि पिण्याचा गुंड त्यानंतर भरायचा. नव्या जोडणीला तर हे फारच पाळावं. मला माहीत आहे की ज्या घरी नळ वीस मिनिटं येतो आणि शेजारीण रांगेत आहे, तिथे हा सल्ला देणंही चेष्टाच वाटते. आणि हेही पुन्हा बाईच्याच अंगावरचं काम झालं. म्हणून हा सल्ला मी तात्पुरता म्हणूनच देते. नवऱ्यानंही पहाटे उठून ती पहिली बादली धरायला हरकत नाही.

एकोडीच्या गटानं ग्रामसभेसाठी अर्ज तयार केला आहे. अंगणवाडी आणि शाळेच्या नळाचं पाणी शिशासाठी तपासून मिळावं, पहिल्या धारेचं. अहवालाची प्रत अंगणवाडीच्या भिंतीवर लावावी, मराठीत. गावात पाइप उतरेल तेव्हा समितीतल्या किमान दोघी बायकांनी पाहून सही केल्याशिवाय तो लागू नये. बिलाची प्रत मागितल्यावर मिळावी. अर्ज लिहिताना एकीनं विचारलं, शिसं निघालंच नाही तर? गावात हसू होईल. मागच्या भिंतीला टेकलेली मावशी म्हणाली, "निंगालं नाई तं बरंच हाये ना बाई. आपन का शिसं निंगावं म्हनून तपासतो का?"

अर्जावर आवक क्रमांक घेतला आहे. बाटल्या आल्या की अंगणवाडीच्या नळाशी पहाटे कोण बसणार, यावर सध्या वाद चालू आहे. पेटीच्या पाच जणी म्हणतात, आम्ही शिकलोय, आम्ही बसू. मावशी म्हणते, प्रश्न मी काढला, पहिली बाटली मी धरीन.